भाज्याचे कललेले खांब

पुण्याहून लोकलने निघालं की लोणावळ्याच्या आधी मळवली स्टेशन लागतं. रुळांच्या एका अंगाला भाजे, दुसऱ्या अंगाला कार्ले. बहुतेक माणसं कार्ल्याचीच वाट धरतात. एकवीरेचं दर्शन होतं, आणि लेणं तर भव्य आहेच.

भाज्याचं चैत्यगृह त्याहून जुनं, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातलं. आत २७ साधे अष्टकोनी खांब, आणि ते चक्क आतल्या बाजूला कललेले! डोंगर खचला की काय, असं वाटावं. तसं काही नाही. त्या काळी चैत्य लाकडाचे बांधत. लाकडी कमानींचा रेटा खांबांना बाहेर ढकलतो, म्हणून सुतार ते आत कलते रोवत असे. पाथरवटाने तीच इमारत कड्यात कोरली. इथे रेटा कसला? तरी त्याने खांब कलतेच ठेवले. दर्शनी भाग मात्र त्याने लाकडाचाच बसवला. तो कधीच नाहीसा झाला; दगडात खोबणी तेवढ्या राहिल्या.

दोनेक शतकांनी कार्ल्यात हे सगळं सुधारलं. ३७ खांब, तेही ताठ उभे. लांबी सव्वाशे फुटांच्या आसपास, दर्शनी भाग दगडाचा. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने तिथे लेखच कोरून ठेवलाय, की हे शैलगृह जंबुद्वीपात सर्वोत्तम आहे. बढाई खरी, पण मला ती पटते.

मग भाजे हवंच कशाला?

हल्ली हा प्रश्न पोरांच्या व्हिडिओ गेमबद्दल विचारला जातो. माझा भाचा सांगत होता, रॉकस्टार कंपनीने २०२१ साली 'ग्रँड थेफ्ट ऑटो'चे तीन जुने खेळ नव्या रूपात आणले आणि जुने विक्रीतून काढून टाकले. नव्यात इतके दोष निघाले, की माफी मागून जुने परत ठेवावे लागले. पण समजा, नवे निर्दोष असते तर? मी म्हणेन, तरीही जुने काढायला नको होते.

कारण कार्ल्यातच आहे. तिथल्या छताला सागवानी फासळ्या आहेत. दोन हजार वर्षं टिकल्यात, पण भार कसलाच पेलत नाहीत. त्या तिथे का, हे कार्ल्याच्या ताठ खांबांमध्ये उभं राहून उमगत नाही. भाज्यात उमगतं. ज्या लाकडी चैत्यांवरून हे सारं आलं, त्यातला एकही आज इथे उभा नाही. त्यांचं बांधकाम कसं होतं, याची साक्ष भाज्याच्या त्या 'चुकी'त राहिली आहे. कार्ल्याच्या कारागिराने ती दुरुस्त केली, चांगलंच केलं. पण त्यासाठी कुणी भाजे बुजवलं नाही.

आम्हा कवींना जुनी कविता सुधारून नव्या आवृत्तीत घालायची भारी हौस. पहिली आवृत्ती जपणारे वाचक त्या वेळी शत्रू वाटतात!

मळवलीला उतरलात तर आधी कार्ले पाहा आणि दुपार कलल्यावर भाजे. लेण्याचं तोंड पश्चिमेला आहे. पुढचा लाकडी पडदा उरला नसल्यामुळे उतरतं ऊन सरळ आत येतं.