अंगठा आपला, कागद कुणाचा?

आज आपण वकिलाच्या ऑफिसबद्दल बोलणार आहोत.

वकिलाकडे गेल्यावर आपण काय काय देतो ते आठवा. सातबारा, आधार कार्ड, रेशन कार्ड, बँकेचं पासबुक, जातीचा दाखला, फोटो, मोबाईल नंबर. वकीलपत्रावर सही किंवा अंगठा. आणि या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट देतो ती घरातली. नवरा मारतो, दिराने जमीन लिहून घेतली, पोरीला कुणी फसवलं, मोबदल्याचे पैसे कुणी काढले. शेजारणीला जे सांगितलेलं नसतं ते आपण तिथं सांगतो. मग ते कागद आणि ती गोष्ट पुढे कुणाच्या हातात जाते? तिच्यावर हक्क कुणाचा?

हा प्रश्न मोबाईल आल्यापासूनचा वाटतो, पण डहाणू-तलासरीत तो फार जुना आहे. म्हणून आधी जरा मागे जाऊ.

अंगठ्यापासूनच सुरुवात करू. सन १८५८ मध्ये बंगालात विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने एका ठेकेदाराच्या हाताचा ठसा करारावर घेतला. ‘ही सही माझी नाही’ असं त्याला पुढे म्हणता येऊ नये, हा त्यामागचा विचार. पुढे १८९७ साली कलकत्त्यात बोटांच्या ठशांची सरकारी कचेरी सुरू झाली. म्हणजे ठसा आला तो ज्याच्या हातात कागद आहे त्याच्या सोयीसाठी. ज्याचा अंगठा, त्याला कागदाची नक्कल मिळावी असा विचार त्यात नव्हता.

आपल्या महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला याचा अर्थ लवकर कळला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यात सुपे गावच्या बाजारात लोक सावकारांवर उठले. पुढे पुणे आणि नगर जिल्ह्यांत गावोगावी हेच झालं. लोकांना मुख्यतः हवी होती ती सावकाराकडची खतं, म्हणजे कर्जाचे कागद. ते मिळाले की लोक जाळून टाकत. त्या कागदात आपल्या नावावर काय लिहिलंय हे शेतकऱ्याला वाचता येत नव्हतं, आणि कोर्टात मात्र तोच कागद बोलत होता. या उठावानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. कर्जाचा कागद गावच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोर व्हावा, कुळाला पैसे भरल्याची पावती मिळावी, वर्षाचा हिशेब मिळावा, मागेल तर पासबुक मिळावं, असं त्यात आलं. आपल्याबद्दल दुसऱ्याच्या वहीत काय लिहिलंय ते बघायचा हक्क शेतकऱ्याला तेव्हा कायद्याने मिळाला. पण सुरुवातीला तो पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांपुरता होता. आपला ठाणे जिल्हा त्यात नव्हता.

आपल्याकडे काय चाललं होतं ते आपल्या आज्या-पणज्यांनी सांगितलेलं आहे. जमीन सावकाराची, गवत सावकाराचं, खावटीचं भात त्याच्याकडूनच. लग्नासाठी कर्ज काढलं की नवरा-बायको दोघं त्याच्याकडे राबायची. त्याला ‘लग्नगडी’ म्हणत. कर्ज किती होतं, किती फिटलं, किती उरलं, हे सगळं सावकाराच्या वहीत. वारल्याला ना वही दिसायची, ना आकडा कळायचा. सरकारने सिमिंग्टन नावाच्या अधिकाऱ्याला चौकशीला नेमलं. त्याचा अहवाल १९३९ साली छापून आला. ठाणे जिल्ह्यातल्या आदिवासींची वेठ आणि कर्जाची बेडी त्यात सरकारी भाषेतच नोंदली गेली.

मग १९४५ साल आलं. त्या वर्षी जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली आणि तिथं आपल्या भागातले वारली गेले. २३ मे १९४५ रोजी झरी गावात हजारो माणसं जमली. वेठ करायची नाही आणि मजुरी रोख घ्यायची, असं तिथं ठरलं. १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला आणि पाच माणसं गेली. त्यात जेठ्या गांगड होता. या लढ्यात शामराव आणि गोदावरी परुळेकर होते. गोदूताईंबद्दल एक गोष्ट आपण बायांनी मुद्दाम लक्षात ठेवावी. त्या कायदा शिकलेल्या होत्या. कायद्याची पदवी हातात असलेली बाई पाड्यावर येऊन, जमिनीवर बसून बायांचं ऐकत होती. पुढे त्यांनी ते सगळं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिलं आणि १९७२ साली त्या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

आता यातली खरी गंमत सांगतो. वकिलाने अशिलाचं गुपित बाहेर सांगायचं नाही, हा कायदा आपल्या देशात १८७२ सालापासून आहे. पुराव्याच्या कायद्याचं ते १२६ वं कलम. अशिलाची स्पष्ट परवानगी असल्याशिवाय वकिलाने त्याचं बोलणं, त्याचे कागद, त्याला दिलेला सल्ला उघड करायचा नाही. काम संपलं तरी तोंड बंदच ठेवायचं. पुढच्या कलमात हेच बंधन वकिलाच्या दुभाष्यावर, कारकुनावर आणि नोकरावरही घातलेलं होतं.

म्हणजे झरीच्या सभेच्या वेळी हा कायदा त्र्याहत्तर वर्षांचा झाला होता. पण त्याचा उपयोग कुणाला? वकिलाची पायरी चढायला पैसे लागतात, त्याची भाषा यावी लागते. सावकाराकडे दोन्ही होतं. त्याचं गुपित वकिलाकडे सुरक्षित होतं. आपल्याला गुपित सांगायलाच कुणी नव्हतं. कायदा पुस्तकात असतो, पण आपण त्याच्यापर्यंत पोचलो तरच तो आपला होतो.

हळूहळू आपण पोचलो. १९४६ साली मुंबईचा सावकारी कायदा झाला. सावकाराने हिशेब ठेवायचा, तो कर्जदाराला द्यायचा, आकडा न घातलेल्या किंवा जागा कोरी सोडलेल्या कागदावर सही-अंगठा घ्यायचा नाही, असं त्यात आलं. आज महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी कायदा आहे, त्यातही कोऱ्या कागदाला मनाई आहे. १९७६ साली वेठबिगारी कायद्याने बंद झाली. १९८७ साली मोफत कायदे मदतीचा कायदा झाला आणि १९९५ पासून तो लागू आहे. त्यात बाईला, आणि अनुसूचित जमातीच्या माणसाला, उत्पन्न कितीही असो, वकील फुकट मिळतो. डहाणू-तलासरीच्या बहुतेक बायांना हा हक्क दोन्ही बाजूंनी लागतो.

खासगीपणाचा हक्कही असाच आला. जुन्या ठाणे जिल्ह्यातल्या भिवंडीत एक पोलीस अधिकारी रात्री एका बाईच्या झोपडीत शिरला. तिने विरोध केला, आरडाओरडा केला, तक्रार केली. खात्याने त्याला नोकरीतून काढलं. मग तो कोर्टात गेला. ही बाई बदनाम आहे, हिच्या शब्दावर कसा विश्वास ठेवायचा, असा वाद झाला. १९९० साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की बाई कशीही असो, तिच्या खासगीपणात मनाला येईल तेव्हा घुसायचा हक्क कुणालाही नाही. आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमताने निकाल दिला की खासगीपणा हा राज्यघटनेने दिलेला मूलभूत हक्क आहे. भिवंडीच्या झोपडीतल्या बाईचा हक्क आता पाड्यावरच्या प्रत्येक बाईचा आहे.

इतका इतिहास सांगायचं कारण असं. आज आपल्या दोन्ही तालुक्यांत कागदांची जत्रा भरली आहे. वनहक्काचे दावे, बुलेट ट्रेन आणि महामार्गाच्या जमिनीचा मोबदला, वारस नोंदी, घरकुल. प्रत्येक कामाला तीच कागदांची पिशवी. वकिलाकडे जाण्याआधी ती पिशवी मधल्या माणसाकडे जाते. तो मोबाईलवर फोटो काढतो आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे पाठवतो. पूर्वी आपला कागद सावकाराच्या पेटीत एकाच ठिकाणी होता. आता तो किती मोबाईलमध्ये आहे ते मोजता येत नाही.

आमच्या गटांपैकी एका बहिणीने नवऱ्याच्या मारहाणीची सगळी हकीकत एका वकिलाच्या ऑफिसात सांगितली. ती माहेरी कुणाकडे लपून राहिली होती तेही सांगितलं. चार दिवसांत ते टपरीवर चहा पिणाऱ्यांना माहीत झालं, आणि संध्याकाळी नवरा त्या दारात उभा. वकील काही बोलले नसतील, पण ऑफिसात बसणाऱ्या कुणाचं तरी तोंड उघडलं. अशा वेळी बाई पुन्हा कुठल्याच ऑफिसात जात नाही आणि मार खात राहते. गुपित फुटलं की नुसती अब्रू जात नाही, न्यायाची वाटच बंद होते.

म्हणून कायदा आज काय सांगतो ते नीट ऐका. १ जुलै २०२४ पासून पुराव्याचा नवा कायदा आला, त्याचं नाव भारतीय साक्ष्य अधिनियम. त्यातलं १३२ वं कलम जुनंच बंधन पुढे चालवतं. वकील, त्याचा कारकून, ऑफिसातला नोकर, दुभाष्या, सगळे बांधलेले. वारली बोलणाऱ्या आपल्या बायांसोबत जो भाषा सांगायला बसतो, त्यालाही हे लागू. सूट एवढीच की गुन्हा करण्यासाठी सल्ला मागितला, किंवा काम घेतल्यानंतर गुन्हा किंवा फसवणूक होताना वकिलाला दिसली, तर ते गुपित राहत नाही. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हेही सांगितलं की, या सुटीत बसत नसेल तर अशिलाची माहिती काढायला पोलिसांनी वकिलाला समन्स पाठवायचं नाही. ही सवलत वकिलाच्या मानासाठी नाही. तिचा धनी अशील आहे, म्हणजे आपण.

दुसरी गोष्ट फाईलची. फी राहिली म्हणून वकिलाने फाईल अडवून ठेवायची नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००० साली दिला. फी वेगळी मागावी, कागद मात्र द्यावेत. तिसरी गोष्ट मोबाईल-कॉम्प्युटरमधल्या माहितीची. तिच्यासाठी २०२३ साली कायदा झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य कलमं टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. माहिती कशासाठी घेतो ते सांगून संमती घ्यायची, ती सूचना मराठीत मागता यायला हवी, माहिती सांभाळायची, ती फुटली तर ज्याची आहे त्याला कळवायचं, असं त्यात आहे. कोर्टातला दावा चालवायला जी माहिती लागते तिच्यासाठी काही सूट आहे, पण सांभाळायची जबाबदारी सुटत नाही. मुंबईतली शंभर वकिलांची फर्म असो की तालुक्याच्या कोर्टासमोरचं एका टेबलाचं ऑफिस, नियम एकच.

आमच्या गटांनी काही गोष्टी ठरवल्या आहेत. तुमच्या गटातही बोलून बघा.

कोऱ्या कागदावर अंगठा नाही, वकिलाच्या ऑफिसातही नाही. आधी वाचून घ्यायचं, मग अंगठा. मूळ कागद दिला तर काय दिलं त्याची यादी करून पोच घ्यायची. झेरॉक्सवर आडवं लिहायचं, ‘फक्त अमुक कामासाठी’, आणि तारीख घालायची. आधारची शेवटचे चार आकडे दिसणारी प्रत चालत असेल तर तीच द्यायची. आता अंगठ्यावर बँकेतले पैसेही निघतात, म्हणून आधारमधला आपला ठसा लॉक करून ठेवता येतो. ज्या बाईला जमत नाही तिला गटातल्या शिकलेल्या पोरीने मदत करायची.

नाजूक गोष्ट असेल तर वकिलाला सरळ म्हणायचं, ‘साहेब, हे फक्त तुमच्याशी बोलायचं आहे, बाकीच्यांना बाहेर बसवा.’ यात लाज नाही, उर्मटपणाही नाही. घरच्या मारहाणीच्या केसमध्ये सुनावणी बंद दाराआड घ्यावी असं २००५ च्या कायद्याखाली कोर्टाला सांगता येतं. काम संपलं की फाईल परत मागायची. गुपित फोडलं तर महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे लेखी तक्रार करता येते. फुकट वकील हवा असेल तर कोर्टात तालुका विधी सेवा समितीकडे जायचं, नाहीतर १५१०० या नंबरवर फोन करायचा.

आणि एक गोष्ट आपल्या स्वतःच्या पेटीची. बचत गटाच्या दप्तरात वीस बायांचे आधार, पासबुक आणि कर्जाची कारणं असतात. कुणी गर्भपातासाठी पैसे घेतलेले असतात, कुणी नवऱ्याची दारूची उधारी फेडायला. ते कारण बैठकीबाहेर जाणार नाही आणि दप्तराची किल्ली कुणाकडे आहे ते सगळ्यांना माहीत असेल, हे आपणच बघायचं. आपल्या आज्यांना सावकाराची वही बघता आली नाही. आपल्या गटातल्या प्रत्येक बाईला गटाच्या वहीतलं तिचं पान कधीही बघता आलं पाहिजे, आणि दुसरीचं पान तिच्या परवानगीशिवाय उघडता कामा नये.

पुढच्या बैठकीला आपापली कागदांची पिशवी घेऊन या. कुठला कागद कुणाकडे दिलाय त्याची यादी एकत्र बसून करू. जोहार.