नाव बदलले, नाद बदलला

आळंद तालुक्यातील खजुरी हे सीमेवरचे गाव. ह्या टापूत मराठी, कानडी आणि दखनी एकाच बाजारात कानी पडतात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होऊन हा मुलूख हैदराबाद राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. १९७३ साली त्या राज्याचे कर्नाटक झाले आणि २०१४ साली गुलबर्ग्याचे कलबुर्गी झाले. पाट्या एका दिवसात बदलल्या. बोलण्याचा हेल मात्र आपल्याच चालीने, पिढ्यान्‌पिढ्या बदलत राहिला. नाव आणि नाद ह्यांच्या संबंधाचा हा विचार मनात घोळत असल्यामुळेच मुंबईच्या एका रॉक वाद्यवृंदाचा इतिहास आम्हांस जवळचा वाटतो.

पाश्चात्य संगीत मुंबईस परके नव्हते. गोव्यातील चर्चच्या शाळांतून स्वरलेखन शिकलेले वादक तेथील हॉटेलांत आणि चित्रपटांच्या वाद्यवृंदांत कित्येक दशके वाजवीत आले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस ह्यांनी तर १९५८ साली आपल्या रागांस पाश्चात्य स्वरमेळाची जोड देणारा मोठा वाद्यवृंद मुंबईच्या रसिकांपुढे उभा केला. परंतु ह्या कलावंतांपैकी बहुतेकांचे कौशल्य दुसऱ्यांच्या गीतांची पार्श्वभूमी होऊन राहिले. स्वतःचे गीत, स्वतःच्या नावाने, ही आकांक्षा पुढील पिढीच्या वाट्यास आली.

१९८४ साली मुंबईत ‘रॉक मशीन’ हा वाद्यवृंद निघाला. महेश तिनईकर ह्यांची गिटार, उदय बेनेगल ह्यांचा कंठ, झुबिन बालापोरिया ह्यांची कळफलकावरील वाद्ये आणि मार्क सेल्विन ह्यांची बेस गिटार ही त्याची मुख्य अंगे होत. त्या काळी महाविद्यालयांच्या संमेलनांत आणि धोबीतलावच्या रंगभवनात श्रोते मागत ती विलायती गाजलेली गाणी. नक्कल जितकी हुबेहूब, तितकी टाळी मोठी! अशा श्रोत्यांपुढे स्वतः रचलेली गीते म्हणणे हे धाडसच होते. ‘रॉक अँड रोल रेनिगेड’ (१९८८) आणि ‘द सेकंड कमिंग’ (१९९०) ह्या दोन संग्रहांनी ते धाडस केले. गीते स्वतःची होती. साचा मात्र पुष्कळसा अमेरिकन होता, हे मान्य केले पाहिजे.

१९९३ साली वाद्यवृंदाने ‘इंडस क्रीड’ हे नाव घेतले. सिंधूचे नाव घेण्यात आपल्या भूमीकडे वळण्याचा संकल्प उघड दिसतो. त्याच वर्षी त्यांच्या ‘प्रिटी चाइल्ड’ ह्या गीताच्या चित्रफितीस एमटीव्हीचे आशियाई प्रेक्षकांच्या पसंतीचे पारितोषिक मिळाले. १९९५ साली नव्या नावाचा संग्रह निघाला. पण त्याच सुमारास दूरचित्रवाणीच्या संगीतवाहिन्या हिंदी गीतांकडे वळल्या, इंग्रजीत गाणाऱ्या भारतीयांस जागा उरली नाही, आणि १९९७ साली वाद्यवृंद मोडला. बेनेगल काही वर्षे न्यूयॉर्क येथे राहून भारतीय आणि पाश्चात्य सुरांची सांगड घालण्याचे प्रयोग करीत राहिले.

२०१० साली मंडळी पुन्हा जमली. बेस गिटारीवर रुशाद मिस्त्री आणि ड्रमवर जय राव कवी असे दोन तरुण वादक आले. २०१२ साली ‘इव्हॉल्व्ह’, म्हणजे ‘उत्क्रांत व्हा’, हा आठ गीतांचा संग्रह प्रसिद्ध झाला. त्याचे ध्वनिमिश्रण टिम पामर ह्यांनी केले. सतरा वर्षांच्या खंडानंतरचा हा नाद ऐकताना पहिल्या संग्रहातील तारुण्याची आरडाओरड आठवून पाहावी. आता गिटार धावण्याची घाई करीत नाही; सुरांचे थर सावकाश चढतात, आणि कंठात अनुभवाचे वजन आले आहे. भारतीयत्व दाखविण्यासाठी अलंकार चढविण्याची गरजही त्यांस उरलेली दिसत नाही.

जुन्या चाहत्यांपैकी कोणी म्हणेल, ‘हे आमचे रॉक मशीन नव्हे.’ दुसरा विचारील, ‘शब्द इंग्रजी, मग हे आपले कसे?’ दुसरा प्रश्न आम्ही हलका मानीत नाही. मराठीत किंवा कोंकणीत असे गीत त्यांच्याकडून आले असते तर आमचा आनंद द्विगुणित झाला असता. परंतु आपलेपणाची कसोटी केवळ पाटीवरच्या अक्षरांनी लागत नाही, हे सीमेवरच्या माणसास कोणी शिकवावयास नको. खजुरीच्या परिसरातील मराठीत कानडीचा हेल मिसळला, म्हणून ती मराठी उणी ठरत नाही. कोंकणीनेही पोर्तुगीज शब्द पचवून आपले सत्त्व राखलेच आहे.

नक्कल करणारा बदलत नाही. तो केवळ आदर्श बदलतो. जो खरोखर बदलतो, त्याच्यापाशी आरंभी काहीतरी स्वतःचे असावे लागते. नाव एका सभेत ठरविता येते. नाद मात्र वर्षे मागतो, आणि ह्या वाद्यवृंदाने ती दिली, मौनाची वर्षे धरून.