चोक, स्टार्टर आणि काचेतले मासे

नारायणराव पेशव्यांचं नाव मिरवणाऱ्या पुण्याच्या नारायण पेठेतल्या जुन्या वाड्यांत उजेड यायचा तो चौकातून. माजघरात भरदुपारीही दिवा लागे. अशा खोलीत माशांची काचपेटी ठेवायची, तर दिव्याची सोय आधी बघावी लागे.

लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ मध्ये सार्वजनिक मत्स्यालय उघडलं. मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये. घरगुती शौकिनाकडे मात्र उजेडासाठी खिडकी होती. ऊन फुकट खरं, पण पाणी तापतं आणि काचेवर हिरवं शेवाळ धरतं.

पिवळा बल्ब स्वस्त, पण बहुतेक वीज उष्णतेतच घालवणारा. छोट्या टाकीत गप्पींचे हालच! त्यावरचा उतारा म्हणजे १९३८ मध्ये अमेरिकेत बाजारात आलेली ट्यूबलाइट. दोन फुटी, वीस वॅटची. झाकणाखाली पट्टी, चोक, स्टार्टर. चोक गुणगुणायचा, स्टार्टर रुसायचा. लुकलुक सुरू झाली की तो चिमटीत धरून फिरवायचा, काढायचा, पुन्हा बसवायचा. जुन्या नळीचा उजेड हळूहळू मंदावतो. डोळ्यांना कळत नाही, पाणवनस्पतींना कळतं.

खरी स्वस्ताई एलईडीनं आणली. जानेवारी २०१५ मध्ये उजाला योजना सुरू झाली आणि सरकारी खरेदीत ३१० रुपयांचा दिवा २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आला. आता पेठेतून चालत विजेच्या सामानाची तापकीर गल्ली गाठावी आणि ६५०० केल्विनचा साधा पांढरा दिवा मागावा. ‘मत्स्यालयासाठी खास’ छापलेल्या खोक्याला जादा पैसे मोजायची गप्पींना गरज नाही. दिवसाला आठ तास पुरे. त्यापुढे तो बहुधा शेवाळच पोसतो.