नगरपालिकेचा नित्यनेम



आषाढी वारीच्या दिवसांत श्रीतुकाराममहाराजांची पालखी देहूहून निघून बारामतीस मुक्कामाला येते आणि पुढें इंदापूरच्या रस्त्याला लागते. वाटेंत काटेवाडी हें गांव आहे. तेथें परीट मंडळी पालखीपुढें धोतरांच्या पायघड्या घालतात आणि मेंढ्यांचे कळप पालखीभोंवतीं धांवत रिंगण धरतात. या सोहळ्याचीं वर्णनें आपण पुष्कळ ऐकलीं असतील. मला आज बोलावयाचें आहे तें त्याच्या आदल्या रात्रीविषयीं. हजारों माणसें एका लहान शहरांत रात्रभर राहतात. त्यांना पिण्यास पाणी लागतें, उजेड लागतो, बहिर्दिशेस जागा लागते. आणि पालखी हलली कीं मागें जें उरतें तें कोणाला तरी उचलावें लागतें. तें उचलणाऱ्याचें नांव कीर्तनांत येत नाहीं. तें काम नगरपालिकेचें, आणि तिच्या वतीनें मोजक्या माणसांचें.

बारामती हें कऱ्हाकांठचें जुनें गांव. पेशवाईंत बाबूजी नाईकांच्या आश्रयानें मोरोपंत येथें राहिले, म्हणून मराठी वाचकाला त्याची ओळख आहे. मोरोपंतांच्या काळीं गांवचीं सार्वजनिक कामें होत नसत असें नाहीं. पण तीं हक्कानें आणि वहिवाटीनें होत. मेलेलें जनावर कोणीं ओढावयाचें, चावडी कोणीं झाडावयाची, दवंडी कोणीं पिटावयाची, हें जन्मानें ठरलेलें असे, आणि त्याचा मोबदला बलुत्याच्या रूपानें खळ्यावर मिळे. पुण्यासारख्या राजधानीच्या शहरीं कोतवाल असे. त्याच्याकडे बंदोबस्ताबरोबर बाजाराची आणि स्वच्छतेचीही देखरेख असे. परंतु गांवकऱ्यांनीं कर द्यावा, त्या पैशांतून पगारी नोकर ठेवावे, आणि त्याचा हिशेब सभेपुढें मांडावा, ही कल्पना आपल्याकडे इंग्रजी अमलाबरोबर आली. १८५० च्या कायद्यानें ती ऐच्छिक ठेवली होती. लोकांनीं मागितली तर नगरपालिका, नाहीं तर नाहीं. आपल्या लोकांनीं ती फारशा उत्साहानें मागितली नाहीं, याचें आश्चर्य वाटावयास नको. स्वतःवर कर बसवून घेण्याचा अर्ज कोण करील?

बारामतीची नगरपालिका १८६५ सालीं स्थापन झाली. आरंभीं या संस्थांचा कारभार बव्हंशीं सरकारी अधिकाऱ्यांच्या हातीं असे. १८७३ च्या कायद्यानें मुंबई इलाख्यांतील नगरपालिकांची व्यवस्था लागली. लॉर्ड रिपन यांचा १८८२ चा सुप्रसिद्ध ठराव झाला. १८८४ च्या कायद्यानें लोकांनीं निवडलेल्या सभासदांना वाव मिळाला. पुढें १९०१ चा कायदा आला आणि महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६५ चा. कायद्यांची ही यादी आपण विसरलांत तरी चालेल. लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. जोतीराव फुले १८७६ पासून सहा वर्षें पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद होते. टिळक १८९५ मध्यें निवडून गेले. गोखले तिचे अध्यक्ष झाले. या थोर पुरुषांच्या चरित्रांत या कामाला अर्धें पान मिळतें. वास्तविक गटार, दिवा आणि पाणी यांच्या चर्चेंत ज्यांनीं तासन् तास घालविले, त्यांनीं राज्यकारभार शिकला तो तेथेंच, असें मला वाटतें.

आतां खात्यांकडे वळूं. पहिलें खातें जकातीचें, कारण त्याच्या जिवावर बाकीचीं चालत. नीरेच्या डाव्या कालव्याचें पाणी १८८५ च्या सुमारास या भागांत खेळूं लागलें आणि ज्वारी-बाजरीच्या रानांत ऊस उभा राहिला. (त्याच पाण्यानें पुढें कितीएक जमिनी चोपण होऊन गेल्या, ती कथा वेगळी.) काटेवाडीसारख्या गांवचा शेतकरी गुळाची गाडी घेऊन पेठेकडे निघाला म्हणजे शहराच्या वेशीवर त्याला प्रथम भेटे तो देव नव्हे, तर जकात नाक्याचा कारकून. नाका म्हणजे एक खोली, एक आडवा बांबू, एक कंदील आणि एक पावतीपुस्तक. गाडी थांबे. माल कोणता, वजन किती, विकावयास आणला कीं पुढें न्यावयाचा, हें विचारलें जाई. जकात हा गांवांत खपणाऱ्या मालावरचा कर. म्हणून जो माल नुसता गांवांतून जावयाचा, त्याला दाखला देऊन पुढें सोडावयाचा, किंवा बाहेर पडतांना घेतलेली रक्कम परत करावयाची, असा नियम. नियम सोपा, पण परताव्याचे पैसे मिळविण्यास लागणारा वेळ आणि त्या पैशांची किंमत यांचा मेळ पुष्कळदां बसत नसे, आणि गाडीवान हिशेब न करतांच निघून जाई.

या कराला नांवें ठेवण्यासारखें पुष्कळ होतें. तो गरिबाच्या मिठामिरचीवर आणि श्रीमंताच्या रेशमावर जवळजवळ एकाच हातानें पडे. त्यानें गाड्या अडत, तंटे होत, आणि अंधारांत आडवाटेनें माल शिरे. व्यापाऱ्यांनीं त्याच्याविरुद्ध अनेक वर्षें ओरड केली आणि ती निराधार नव्हती. अखेर १९९९ सालीं महाराष्ट्रांतील नगरपालिकांची जकात उठली; महानगरपालिकांची त्यानंतर टप्प्याटप्प्यानें गेली आणि मुंबईची २०१७ मध्यें वस्तू व सेवा कर आला तेव्हां. नाके पडले. पण त्याबरोबर आणखीही कांहीं गेलें. जकातीच्या बदल्यांत सरकार अनुदान देऊं लागलें. पूर्वीं अध्यक्षाला पैसा कमी पडला तर तो नाक्यावरच्या कारकुनाला धारेवर धरी. आतां मंत्रालयाकडे डोळे लावून बसावें लागतें. वाईट करांतून आलेला पैसा निदान स्वतःचा होता. व्यापाऱ्याची सुटका आणि सभागृहाचा स्वाभिमान यांत मला निवड करावयास सांगितली, तर मी थोडा वेळ मागून घेईन.

दिवाबत्तीचें खातें आमच्या आजोबांच्या पिढीच्या आठवणींतलें. संध्याकाळीं खांद्यावर शिडी आणि हातांत घासलेटचा डबा घेऊन एक मनुष्य गल्लीगल्लींतून फिरे, कांच पुसून वात लावी आणि पुढें जाई. कित्येक ठिकाणीं चांदण्या रात्रीं दिवे लावीत नसत. चंद्रानें दिलेल्या उजेडाचें तेल वांचे. पंचांग पाहून अंदाजपत्रक करणारें दुसरें खातें मला ठाऊक नाहीं.

जन्ममृत्यूची वही हें त्याहून शांत खातें. तेथें एक कारकून बसतो आणि कोण आलें, कोण गेलें, एवढेंच लिहितो. पण साथ आली कीं तीच वही बोलूं लागते. १८९६ मध्यें मुंबईंत प्लेग शिरला, पुढें पुण्यास आला, आणि १८९७ च्या फेब्रुवारींत साथरोगांचा कायदा झाला. पुण्यांत त्या कायद्याखालीं घरझडत्या झाल्या, त्यांतून काय घडलें हें सर्वांस माहीत आहे. तोच कायदा, सव्वाशें वर्षांनीं, २०२० च्या मार्चमध्यें महाराष्ट्र सरकारनें पुन्हां लागू केला. त्या वर्षीं आणि त्याच्या पुढच्या वर्षीं तुकोबांच्या पादुका एस. टी. च्या मोटारीनें पंढरपुरास गेल्या. काटेवाडीच्या रस्त्यावर पायघड्या पडल्या नाहींत, आणि बारामतीच्या झाडूवाल्याला त्या दोन आषाढांत पालखीमागची झाडलोट करावी लागली नाहीं. त्याच्यावर दुसरेंच, आणि अधिक धोक्याचें, काम येऊन पडलें होतें.

पाण्याविषयीं बोलतांना मात्र मला बारामती सोडून कोंकणांत महाडास जावें लागेल. कारण नगरपालिकेचें अगदीं रोजचें काम केवढें मोठें होऊं शकतें, हें जेथें दिसलें तें गांव महाड होय. १९२३ च्या ऑगस्टमध्यें मुंबईच्या कायदेमंडळांत रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशानें बांधलेल्या किंवा चालविलेल्या पाणवठ्यांवर, धर्मशाळांत, शाळांत अस्पृश्यांना मज्जाव नसावा, असा तो ठराव. महाडच्या नगरपालिकेनें १९२४ मध्यें त्याला अनुसरून चवदार तळें सर्वांस खुलें केल्याचा ठराव केला. ठराव झाला, सभावृत्तांत लिहिला गेला, आणि तळें होतें तसेंच राहिलें. तळ्याच्या कांठावर गुरें पाणी पीत; माणसांतल्या कांहींना मात्र तें पाणी शिवतां येत नसे. तीन वर्षें असें चाललें.

२० मार्च १९२७ या दिवशीं डॉ. आंबेडकर परिषदेच्या मंडळींसह तळ्यावर गेले आणि त्यांनीं ओंजळीनें पाणी घेतलें. त्यांनीं जें केलें तें एका अर्थानें अत्यंत साधें होतें: नगरपालिकेनें स्वतःच्या वहींत जें लिहून ठेवलें होतें, त्याची त्यांनीं अंमलबजावणी केली. त्याचा परिणाम मारहाणींत झाला. तळें ‘बाटलें’ म्हणून शेणगोमूत्राचे घडे ओतून त्याची शुद्धि करण्यांत आली. आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजीं नगरपालिकेनें आपला जुना ठराव मागें घेतला. डिसेंबरांत तळें खाजगी मालकीचें असल्याचा दावा दिवाणी न्यायालयांत दाखल झाला, मनाई हुकूम मिळाला, आणि पुढचीं वर्षें तळें कोणाचें हा प्रश्न न्यायालयांत फिरत राहिला. १७ मार्च १९३७ रोजीं मुंबईच्या हायकोर्टानें शेवटचा निकाल दिला. अनादि वहिवाट असल्याचें वादींना सिद्ध करतां आलें नव्हतें. तळें नगरपालिकेचें ठरलें. म्हणजे सर्वांचें ठरलें. एक ओंजळ पाणी नगरपालिकेच्या कागदावरून माणसाच्या ओठापर्यंत येण्यास तेरा वर्षें लागलीं.

महाडकर सारेच वाईट होते असें कोणीं समजूं नये. नगरपालिकेचे सुरबानाना टिपणीस यांच्यासारखे सवर्ण कार्यकर्ते या लढ्यांत आंबेडकरांच्या बाजूस उभे होते. अडचण ठराव करणाऱ्यांच्या मनाची नव्हती तितकी ठरावानंतरच्या दिवसाची होती. तळ्यावर पाटी कोणीं लावावयाची, पहिल्या दिवशीं तेथें शिपाई कोणीं उभा करावयाचा, तंटा झाला तर कोणीं मध्यें पडावयाचें, याचें उत्तर कोणत्याच खात्याजवळ नव्हतें.

उरलें आरोग्य खातें. हें नांव शोभिवंत आहे. त्याचा खरा अर्थ इतकाच होता, कीं पहांटे घरांच्या मागच्या बोळांतून एक स्त्री किंवा पुरुष येई, पायखान्याची मागची झडप उघडी, आणि मैला टोपलींत भरून डोक्यावरून घेऊन जाई. पावसाळ्यांत ती टोपली गळे. आपल्या शहरांचें सगळें सोवळें या एका माणसाच्या येण्यावर अवलंबून होतें, आणि त्याची सावली आपल्या अंगावर पडूं नये म्हणून आपण बोळ वेगळा बांधला होता. १९४९ मध्यें मुंबई सरकारनें वि. ना. बर्वे यांच्या अध्यक्षतेखालीं या कामगारांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठीं समिति नेमली. १९५७ मध्यें केंद्राकडून मलकानी समिति आली. तिनें डोक्यावरची टोपली जाऊन ढकलगाडी यावी असें सुचविलें. डोक्यावरून मैला वाहण्यास बंदी करणारा कायदा १९९३ मध्यें झाला, आणि तो अपुरा पडला म्हणून २०१३ मध्यें दुसरा करावा लागला. दोन समित्यांपासून पहिल्या कायद्यापर्यंत किती पहांटा गेल्या, याचा हिशेब आपणच करावा.

गांवांची स्थिति याहून बरी होती असें नाहीं; तेथें पायखानाच नव्हता. २००० सालाच्या सुमारास संत गाडगेबाबांच्या नांवें ग्रामस्वच्छतेची मोहीम सुरू झाली, आणि काटेवाडी ज्या गांवांमुळें ती मोहीम नांवारूपास आली त्यांपैकीं एक. जेथें नगरपालिका नाहीं, पगारी झाडूवाला नाहीं, तेथें लोकांनीं आपल्या दारापुढचें आपण झाडलें, घरोघर शौचकूप बांधले. शहरांत राहणाऱ्या आपणां मंडळींना यांत शिकण्यासारखें थोडें आहे. आपण कर भरतों, म्हणून झाडू आपला नव्हे असें आपल्याला वाटतें.

नगरपालिकांतील सफाई कामगाराची गोष्ट एवढ्यावर संपत नाहीं. त्याला राहण्यास चाळींत खोली मिळे; पण ती नोकरीबरोबर. नोकरी सुटली कीं छप्पर सुटलें. म्हणून बाप थकला कीं मुलानें झाडू घ्यावयाचा, हें घर टिकविण्याचें एकमेव साधन झालें. या कुटुंबांच्या संरक्षणासाठीं महाराष्ट्र सरकारनें लाड आणि पागे यांच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या समित्यांच्या शिफारशी स्वीकारल्या, आणि सफाई कामगाराच्या जागीं त्याच्या वारसास घ्यावें असा नियम झाला. हेतु दयेचा होता, आणि अनेक घरें त्यानें उभीं राहिलीं हें खरें आहे. पण बलुतेदारींत जें जन्मानें ठरे, तेंच येथें पुन्हां शासननिर्णयानें ठरलें. आज त्या चाळींतली मुलें पदवीपर्यंत शिकतात, कोणी वकिलीचा अभ्यास करतो, आणि वडील निवृत्त झाले कीं वारसाच्या अर्जावर सही करावी कीं करूं नये हा प्रश्न त्याच खोलींत, त्याच दिव्याखालीं, घरांतलीं सगळीं माणसें मिळून सोडवीत बसतात.