भूर्जपत्रावरील ताळा

इ. स. १८८१ मध्ये पेशावरनजीकच्या बख्शाली या खेड्यात जमीन खणताना एका शेतकऱ्यास भूर्जपत्रांवर लिहिलेली जीर्ण पोथी सापडली. बाहेर काढतानाच तिचा बराच भाग नष्ट झाला; सुमारे ७० पाने उरली. डॉ. रुडॉल्फ हर्नले यांनी तिचा अभ्यास केला. १९०२ पासून ती ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या बोडलियन ग्रंथालयात सुरक्षित आहे.

शारदा लिपीतील ही पोथी गणिताची आहे. अपूर्णांक, वर्गमूळ, नफा-तोटा असे विषय तीत असून शून्यासाठी टिंब योजिले आहे. आम्हा व्यापाऱ्यांस विशेष भावते ती तिची मांडणी : आधी नियम, मग उदाहरण, त्यानंतर रीत आणि अखेरीस उत्तराचा ताळा.

२०१७ मध्ये ग्रंथालयाने तीन पानांची कार्बन चाचणी जाहीर केली. एक पान तिसऱ्या-चौथ्या शतकातील निघाले आणि शून्याची प्राचीनतम नोंद गवसल्याची वार्ता सर्वत्र पसरली. परंतु किम प्लॉफ्कर आदी अभ्यासकांनी त्याच वर्षी हरकत घेतली, की ग्रंथ एकसंध आहे. त्याचा काळ सर्वांत अलीकडच्या पानावरून ठरवावा. २०२४ मधील फेरचाचणीत पोथी सुमारे नवव्या ते अकराव्या शतकांतील ठरली.

मूळ पाने जपलेली होती, म्हणूनच ही चूक दुरुस्त होऊ शकली. विद्यापीठीय संग्रहांचे खरे मोल यातच आहे. प्राचीनतेचा अभिमान अवश्य बाळगावा. मात्र पोथीने शिकविलेला ताळा तिच्या वयालाही लावून पाहावा.