पेन ड्राइव्हवरची जेक्वेरी
खामगावात मी वेबसाइट करू लागलो तो काळ भारनियमनाचा. चांदीच्या दुकानाची साइट इंटरनेट एक्स्प्लोरर 6 मध्ये एक दिसे, फायरफॉक्समध्ये भलतीच. जॉन रेसिगच्या जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीने (2006) हे भांडण बरंच मिटवलं. आमच्याकडे ती शेगावच्या इंजिनिअरिंगच्या पोट्ट्यांच्या पेन ड्राइव्हवरून आली. 2008 पासून गुगल तीच फाइल आपल्या सर्व्हरवरून फुकट देत होतं. पण इथली लाइन इतकी बेभरवशाची, की फाइल आपल्याच फोल्डरात बरी वाटे.

मार्च 2016 मध्ये एका प्रोग्रॅमरने अवघ्या 11 ओळींचं लेफ्ट-पॅड हे पॅकेज एनपीएम या सामायिक कोडभांडारावरून काढून घेतलं आणि जगभरची कामं अडली. फाइल आपल्याच फोल्डरात, म्हणून आमचं काही अडलं नाही. मागासलेपणाचा असाही फायदा!

जून 2024 चं प्रकरण गंभीर. जुन्या ब्राउझरांसाठी तयार कोड पुरवणारा पॉलिफिल डॉट आयओ हा पत्ता नव्या मालकाकडे गेला होता आणि हा पत्ता जोडलेल्या एक लाखावर साइटवरून घातक कोड पसरत असल्याचं उघडकीस आलं. त्या आठवड्यात मी सगळ्या जुन्या साइट तपासल्या. शेगावच्या एका लॉजच्या साइटवर बाहेरचा पत्ता एकच निघाला, फॉन्टचा. तो फॉन्टही उतरवून घेतला.