एक नाव, तीन मुर्तझा

कल्याणहून मुरबाड, वैशाखरे करत माळशेज घाट चढणारा रस्ता पुढे अहिल्यानगरला (पूर्वीच्या अहमदनगरला) जातो. वैशाखऱ्याजवळूनच नाणेघाटाची वाट वर चढते आणि घाटमाथ्यावर जीवधन किल्ला उभा आहे. शेजारच्या शहापूर तालुक्यात माहुली. अहमदनगरच्या निजामशाहीची अखेर याच मुलखात झाली. ती वाचताना 'मुर्तझा निजामशहा' हे नाव भेटते आणि बरेच जण गोंधळतात, कारण या नावाचे सुलतान तीन होऊन गेले.

'मुर्तझा' म्हणजे पसंत केलेला, निवडलेला. हा हजरत अलींचा लकब. पहिल्या बुरहान निजामशहाने 1537 च्या सुमारास शिया पंथ स्वीकारला. त्यानंतर हुसेन, मुर्तझा ही नावे या तख्तावर पुन्हा पुन्हा दिसतात. पहिला, दुसरा, तिसरा हे आकडे मात्र इतिहासकारांनी नंतर लावलेले.

पहिला मुर्तझा (1565-1588) चांदबिबीचा भाऊ. 1574 मध्ये त्याने वऱ्हाडची इमादशाही जिंकली. पुढे तो दरबारापासून अलिप्त राहू लागला, लोक त्याला 'दिवाणा' म्हणू लागले. अखेर पोटच्या मुलानेच त्याला ठार केले.

1600 मध्ये मुघलांनी अहमदनगर घेतले. तेव्हा मलिक अंबर या हबशी सरदाराने राजघराण्यातल्या अलीला परांड्यात तख्तावर बसवले. हा दुसरा मुर्तझा. नाव सुलतानाचे, कारभार अंबरचा. दोघांचे बिनसले आणि 1610 मध्ये त्याची कारकीर्द संपली.

तिसरा मुर्तझा लहान मुलगा होता. 1633 मध्ये दौलताबाद पडले, तिथला सुलतान मुघलांच्या हाती लागला. सगळे संपले असे वाटत असताना शहाजीराजांनी जीवधनवर कैदेत असलेल्या या मुलाला सोडवले आणि संगमनेरजवळच्या पेमगिरीवर त्याच्या नावाने तख्त उभे केले, असे सांगितले जाते. शहाजहान स्वतः दख्खनेत उतरला, तरी शहाजीराजे झुंजत राहिले. शेवटी 1636 मध्ये माहुलीला वेढा पडला आणि तिथेच त्यांना तह करावा लागला.

भाषणांत, गप्पांत 'निजाम' म्हणून एकच माणूस उभा केला जातो. कुणी तर त्याला 1724 नंतरच्या हैदराबादच्या निजामाशीही जोडून टाकतात. नावापुढचा आकडा आणि साल पाहिले की चित्र बदलते. एका मुर्तझाने राज्य वाढवले, दुसऱ्याला आफ्रिकेतून आलेल्या सरदाराने तख्तावर बसवले, तिसऱ्याच्या पाठीशी एक मराठा सरदार उभा राहिला. यातल्या कोणत्या मुर्तझाला 'परका' म्हणायचे, आणि त्यासाठी लढणाऱ्या शहाजीराजांना काय म्हणायचे? मुसलमानी नाव दिसताच माणसे एका रांगेत उभी करणाऱ्यांनी याचे उत्तर शोधावे.

माहुलीच्या तहानंतर शहाजीराजे विजापूरच्या चाकरीत गेले. तो मुलगा मुघलांच्या स्वाधीन झाला आणि ग्वाल्हेरच्या कैदेत गेला. निजामशाही तिथे संपली.